तीनशे वर्षं उशिरा पोहोचलेला बातमीदार

सी. डब्ल्यू. जेफ्रीज. हे नाव ऐकलंय तुम्ही? नसेल ऐकलं तर आधी माझं ऐकून घ्या, कारण सध्या मला दुसरं काही बोलताच येत नाही. जेवणाच्या टेबलावर तोच विषय, पुण्याला आईला फोन केला तरी तोच विषय, आणि परवा इथल्या एका हळदीकुंकवाला मी हातात वाण धरून दारातच चारचौघींना कॅनडाच्या एका जुन्या चित्रकाराबद्दल असं काही ऐकवत सुटले की शेवटी यजमानीणबाईंनीच ‘अगं, चहा निवतोय’ म्हणून सगळ्यांची सुटका केली.

दोष माझा नाही, शाळेचा आहे. इथे ऑन्टारियोत पाचवीला ‘न्यू फ्रान्स’ असतं. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात फ्रेंच लोक अटलांटिक ओलांडून इथे आले, फरचा व्यापार मांडला, थंडीनं मेले, तगले, स्थानिकांशी कधी दोस्ती केली, कधी लढाया केल्या, तो सगळा इतिहास. लेकीच्या प्रकल्पासाठी चित्रं शोधत होते. कनूतून निघालेली माणसं, किल्ल्याच्या लाकडी भिंती, मेजवानी, बर्फातून चाललेली तुकडी. एकेक चित्र मोठं करून पाहत होते आणि कोपऱ्यात पुन्हापुन्हा तीच सही! शांप्लें नावाच्या शोधयात्रीच्या चित्रावर ती, हर्न नावाच्या दुसऱ्याच्या चित्रावर ती, बायसनचा कळप पाहणाऱ्या केल्सी नावाच्या तिसऱ्याच्या चित्रावरही ती (ही मंडळी पुढे भेटतीलच). एका माणसानं हे सगळं काढलं? अडीच-तीन शतकांमधला एवढा मोठा देश एकाच हातानं?

तर हो. एकाच हातानं. आणि तो हात होता वर्तमानपत्रात रोजची चित्रं काढणाऱ्या माणसाचा!

चार्ल्स विल्यम जेफ्रीज जन्मला १८६९ साली, इंग्लंडातल्या रॉचेस्टर गावी. घरचे टोरांटोला येऊन स्थिरावले आणि १८८५ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, हा पोरगा इथल्या टोरांटो लिथोग्राफिंग कंपनीत उमेदवारीला लागला. शिळाछापावर लेबलं, जाहिराती, भित्तिपत्रकं काढायची. तिथून वर्तमानपत्रं. १८९३ च्या सुमारास थेट न्यूयॉर्क, आणि ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये नोकरी.

त्या काळचं हे काम म्हणजे काय होतं, हे कळल्यावर तर मी या माणसाच्या प्रेमातच पडले. फोटो काढता येत होते, पण रोजच्या वेगवान छपाईत ते छापता येत नव्हते. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’नं वेगवान छापयंत्रावर हाफटोन फोटो छापायला सुरुवात केली ती १८९७ साली. तोवर वाचकाला काही ‘दिसायचं’ असेल तर ते कुणीतरी हातानं काढून द्यायला हवं. आग लागली, पळ. खटला चाललाय, पळ. मिरवणूक, अपघात, बुडालेलं जहाज, पळ. जागेवर उभ्या उभ्या पेन्सिलीनं चार रेघा, बाजूला टिपणं: टोपी कसली, खिडक्या किती, धूर कुठल्या दिशेला. मग धावत कचेरीत, शाईनं चित्र पक्कं करायचं, त्याचा जस्ताचा ब्लॉक व्हायचा आणि सकाळी ते लोकांच्या हातात. चूक केली तर दुसऱ्या दिवशी ती आग स्वतः पाहिलेला माणूस पत्र लिहून सांगणार, तिथे शिडी डावीकडे होती म्हणून!

ही सवय घेऊन माणूस इतिहासाकडे वळला तर काय होईल, ते म्हणजे जेफ्रीजची चित्रं. मला तर वाटतं त्याच्या साऱ्या कामाची किल्ली इथेच आहे. तो स्वतःला त्या घटनेच्या जागी पाठवलेला बातमीदार समजतो. फक्त पोहोचायला तीनशे वर्षं उशीर झालाय, एवढंच.

‘ऑर्डर ऑफ गुड चिअर’चं चित्र घ्या. त्याआधीची गोष्ट मात्र माहीत हवी, नाहीतर चित्रातली गंमत निसटते. १६०४ साली आलेल्या फ्रेंच तुकडीनं आपला पहिला हिवाळा काढला सेंट क्रॉई नावाच्या बेटावर. ७९ माणसं होती. नदी गोठली, बेट तुटलं, ताजं अन्न संपलं, आणि स्कर्व्हीनं गाठलं. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, पाय काळेनिळे पडले. वसंत येईपर्यंत ३५ जण गेले. उरलेल्यांनी खाडी ओलांडून पोर्ट रॉयलला नवी वसाहत बांधली, आजच्या नोव्हा स्कॉशियात. आणि १६०६ च्या हिवाळ्यात साम्युएल द शांप्लेंनं एक भन्नाट युक्ती काढली. माणसं मरतात ती खिन्नतेनं आणि खारवलेल्या मांसानं, तर मग चांगलंचुंगलं खायचं आणि आनंदात राहायचं! त्यासाठी काढलेलं मंडळ म्हणजे ही ‘ऑर्डर ऑफ गुड चिअर’. मंडळातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं एकेका दिवसाचा कारभारी व्हायचं. पाळी येण्याच्या दोन दिवस आधीपासूनच तो गडी शिकारीला, मासेमारीला बाहेर. बदकं, मूसचं मांस, बीव्हरचं शेपूट. आणि जेवायची वेळ झाली की मिरवणूक! कारभारी पुढे, खांद्यावर रुमाल, हातात दंड, गळ्यात त्या मंडळाचा गोफ, आणि मागे सगळे सभासद हातात एकेक थाळ घेऊन. हे सगळं लिहून ठेवलं मार्क लेस्कार्बो नावाच्या वकिलानं, जो त्या हिवाळ्यात तिथेच होता. मेजवानीला मिगमाक लोकांचा प्रमुख मेंबरतू मानाचा पाहुणा.

आता सांगा, या प्रसंगाचं चित्र काढायला बसलेला दुसरा कुणी चित्रकार काय करेल? शांप्लेंला मध्यभागी बसवेल, वर झेंडा लावेल, चेहऱ्यावर थोडा तेजोवलय टाइप प्रकाश सोडेल. जेफ्रीजनं काय काढलं? वाढप! थाळ घेऊन येणारी माणसांची रांग. जड थाळ दोन्ही हातांनी पेलताना माणसाच्या पाठीला जो बाक येतो ना, तो. तुमच्या-माझ्या घरच्या लग्नात पंगतीत जिलबीची परात घेऊन फिरलेला कुणीही माणूस ही पाठ ओळखेल. चार शतकांपूर्वीचे हे फ्रेंच लोक मला त्या क्षणी एकदम ओळखीचे वाटले, आणि मी खुर्चीतच ‘अरे वा!’ म्हणून ओरडले. नवऱ्यानं आतून विचारलं, लॉटरी लागली का? लागलीच म्हणायची.

मग काय, ग्रंथालय. तिथे त्याचे तीन जाडजूड खंड मिळाले, ‘द पिक्चर गॅलरी ऑफ कॅनेडियन हिस्ट्री’. पहिला १९४२ चा, शोधयात्रांपासून १७६३ पर्यंत. दुसरा १९४५, तिसरा १९५०. म्हणजे पहिला खंड निघाला तेव्हा गृहस्थ सत्तरी ओलांडलेले! तिसरा निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५१ च्या ऑक्टोबरात, ते गेले. आयुष्यभराची पुंजी होती ती, आणि शेवटच्या दहा वर्षांत त्यांनी ती नीट बांधून आपल्या हवाली केली.

(हो, ‘गेले’. आतापर्यंत मी त्यांना एकेरीत संबोधत होते आणि पुढेही बहुतेक तेच करेन. प्रेमातला एकेरीपणा आहे, चालवून घ्या.)

या खंडांत मोठी नाट्यमय चित्रं आहेतच, पण मी अडकले ती वस्तूंच्या पानांवर. कुऱ्हाडी. किटल्या. बंदुका. बर्फावरून चालायचे ते जाळीचे स्नोशू. कनूचे प्रकार. घराच्या भिंतीत ओंडके कोपऱ्यावर एकमेकांत कसे बसवायचे. एकेक वस्तू शाईच्या रेघेनं अशी काढलेली की ती हातात घेऊन वापरता येईल. स्नोशूचंच पाहा: लाकडी चौकट कुठे वाकवली, वादी कुठून कुठे ओवली, पायाचा चवडा जिथे दाबला जातो तिथे वीण किती दाट. सावली टाकायला बारीक तिरप्या रेघा, आणि बर्फाच्या जागी फक्त कोरा कागद. वर्तमानपत्राच्या ब्लॉकवर राखाडी छटा उतरत नसे, काळं किंवा पांढरं एवढंच. त्या सक्तीतून घडलेला हात आहे हा, आणि म्हणूनच त्याच्या चित्रांतला बर्फ एवढा लख्ख.

१९३६ साली ‘कॅनेडियन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’त, म्हणजे चक्क इतिहासकारांच्या नियतकालिकात, त्यानं एक लेख लिहिला, इतिहासाची चित्ररूप पुनर्रचना या विषयावर. रोख थोडक्यात असा: बाबांनो, तुम्ही कागदपत्रं वाचता ते ठीक, पण कुऱ्हाड हासुद्धा कागद आहे, घर हासुद्धा कागद आहे, तेही वाचायला शिका. एका पेपरवाल्या चित्रकारानं प्राध्यापकांना हे सुनावायचं म्हणजे हिंमत हवी! आणि खरंच आहे ते. रोजनिशीत ‘आम्ही पुढे गेलो’ एवढं एक वाक्य असतं. चित्रकाराला ते पुरत नाही. कशात बसून गेलात? उजवा हात कुठे होता? पायात काय होतं? पाऊस होता का? वाक्य धूसर ठेवता येतं, चित्रात बुटाला बुटाचा आकार द्यावाच लागतो.

आता अॅस्ट्रोलॅब. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण यासाठी आम्ही ओटावापर्यंत गाडी हाकली.

१६१३ च्या उन्हाळ्यात शांप्लें ओटावा नदीनं वर निघाला. कारण? निकोला द व्हिन्यो नावाच्या एका तरुणानं पॅरिसात सांगितलं होतं की मी उत्तरेचा समुद्र पाहून आलो, तिथे फुटलेलं इंग्रजी जहाजही पाहिलं, सतरा दिवसांत जाऊन येता येतं. उत्तरेचा समुद्र म्हणजे आशियाची वाट, चीन आणि आपल्याकडची वाट! (त्या काळात जो तो आपल्याकडेच निघालेला असायचा. मॉन्ट्रियलजवळच्या धबधब्यांना ‘लाशीन’ म्हणजे चीन हे नाव पडलं ते पुढे ला साल नावाच्या शोधयात्रीच्या चीनवेडाची थट्टा म्हणून.) जंगलं, दलदल, डास, पाठीवर कनू वाहून नेणं, असं करत मंडळी मॉरिसन बेटावर पोहोचली. तिथला प्रमुख तेसुआ. त्यानं व्हिन्योला सगळ्यांसमोर विचारलं, तू कधी गेलास रे? तू तर माझ्याच माणसांबरोबर इथे झोपत होतास! थाप उघडी पडली.

जेफ्रीजचं चित्र याच प्रवासातलं आहे: ओटावाकाठी शांप्लें अॅस्ट्रोलॅबनं सूर्याचा वेध घेतोय. अॅस्ट्रोलॅब म्हणजे पितळेचं जड कडं, वरच्या वळ्यातून लोंबतं ठेवायचं, मग मधली पट्टी फिरवायची, पट्टीवरच्या दोन छिद्रांतून सूर्याचा कवडसा एका रेषेत आला की अंश वाचायचे, आणि त्यावरून अक्षांश. बोटीवर हलतं म्हणून शक्यतो जमिनीवर उतरून.

या प्रवासातच शांप्लेंनं आपलं अॅस्ट्रोलॅब हरवलं, असं मानतात. त्याच्या पुस्तकात हरवल्याचा उल्लेख नाही, आणि सापडलेलं यंत्र त्याचंच का, यावर जाणकार अजून वाद घालतात. पण सापडण्याची गोष्ट ऐका! १८६७ साल, म्हणजे कॅनडा हा देश जन्मला तेच वर्ष. कॉब्डेनजवळ एडवर्ड ली नावाचा चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा बापाला झाडं तोडायला मदत करत होता. मुळांखाली, पानांखाली पितळेचं एक कडं लागलं हाताला. त्यावर साल कोरलेलं: १६०३. एका कॅप्टननं ते बघायला घेतलं, दहा डॉलर देतो म्हणाला. पोराला ना दहा डॉलर मिळाले, ना ते कडं पुन्हा दिसलं. पुढे ते न्यूयॉर्कला गेलं आणि १९८९ साली कॅनडानं ते विकत आणलं. आता ते ओटावाच्या समोरच्या काठावर, गातिनोच्या इतिहास संग्रहालयात आहे. काचेपलीकडे पाहिलं तर तळहाताएवढं! एवढ्याशा वस्तूवर अख्ख्या खंडाचे नकाशे तोललेले.

आणि त्याच ओटावात शांप्लेंचा भव्य पुतळा आहे, हॅमिल्टन मॅकार्थीनं केलेला, १९१५ चा. हात उंच करून अॅस्ट्रोलॅब आकाशात धरलंय. आणि ते उलटं धरलंय! वळं खाली! शिल्पकारानं वस्तू पाहिली, ती वापरायची कशी ते विचारलं नाही. इथेच मला पेपरवाल्याची किंमत कळते. कुणीतरी पत्र लिहून चूक काढेल, ही भीती ज्याच्या रक्तात मुरलीय त्याच्याकडून असं होत नाही.

बाकी मोहिमा मी जरा भराभर सांगते, नाहीतर हा लेख दिवाळी अंकाएवढा होईल. १६९०–९२ मध्ये हडसन्स बे या फर-व्यापारी कंपनीचा विशीतला हेन्री केल्सी स्थानिक लोकांसोबत आतल्या गवताळ प्रदेशात गेला, बायसनचे कळप पाहिले, आणि रोजनिशीचा सुरुवातीचा भाग चक्क पद्यात लिहिला! त्याच्या प्रवासावर पुढे अविश्वास दाखवला गेला. मग १९२६ साली उत्तर आयर्लंडमधल्या एका जुन्या वाड्यात त्याचे कागद सापडले. केल्सीला न्याय मिळाला आणि जेफ्रीजला विषय. ते गवत जेफ्रीजच्या ओळखीचं होतं, कारण सस्कॅचवानच्या माळावर बसून त्यानं स्वतः रंगवलं होतं. त्याचं १९११ चं ‘वेस्टर्न सनलाइट, लॉस्ट माउंटन लेक’ नॅशनल गॅलरीत आहे. त्या माळावर नजर ठरायला काही नसतं, आणि नेमकं ते काही-नसणं रंगवायला तो घाबरला नाही.

मग ला व्हेराँद्री या शोधयात्री बंधूंचं चित्र: १७४३ च्या नववर्षदिनी त्यांना पश्चिमेचे डोंगर दिसले तो क्षण. कुठले डोंगर, यावर आजही एकमत नाही. पण परतताना त्यांनी शिशाचा एक पत्रा पुरून ठेवला होता, आणि तो १९१३ साली साउथ डकोटात शाळकरी मुलांना सापडला. (या देशाचा इतिहास शोधायला प्राध्यापकांपेक्षा पोरांनाच पाठवावं असं माझं मत होत चाललंय.)

सॅम्युअल हर्न: उत्तरेच्या मोहिमेवर असताना १७७० साली वाऱ्याच्या एका झोतानं त्याचा क्वाड्रंट (हेही अक्षांश काढायचं यंत्र) पडून फुटला, बिचारा माघारी फिरला. वाटेत भेटला मटोनाबी, चिपेवायन लोकांचा नेता. त्यानं सांगितलं, तुझी मोहीम फसली कारण तू बायकांना बरोबर घेतलं नाहीस, ओझी कोण वाहणार, कपडे कोण शिवणार! मटोनाबीच्या मागे मागे हर्न १७७१ च्या जुलैत कॉपरमाइन नदीच्या मुखाशी, आर्क्टिकच्या काठावर पोहोचला. बायका सोबत होत्या, हे वेगळं सांगायला नको.

पण मला पुरतं वेडं केलं ते अलेक्झांडर मॅकेन्झीनं. १७९३. रॉकी पर्वत ओलांडून, नद्या, घाट, गोठवणारा पाऊस तुडवत दहा माणसं आणि एक कुत्रा (कुत्रा! रोजनिशीत त्याचा उल्लेख ‘आमचा कुत्रा’ असाच, किनाऱ्याजवळ तो हरवला आणि परतीच्या वाटेवर सापडला) पॅसिफिकच्या खाडीत पोहोचली. मेक्सिकोच्या उत्तरेला हा खंड जमिनीवरून ओलांडल्याची ही पहिली नोंद. शेवटचा टप्पा नुहॉक लोकांनी दाखवलेल्या वाटेनं. आणि २२ जुलैच्या सकाळी मॅकेन्झीनं एका मोठ्या खडकावर आपलं नाव, आपण कॅनडातून जमिनीवरून आलो ही गोष्ट, आणि तारीख लिहिली. कशानं लिहिली असेल? हिंगुळानं! व्यापारासाठी बरोबर नेलेली लाल हिंगुळाची पूड वितळलेल्या चरबीत कालवून. आपल्याकडे वेशीवरच्या दगडाला शेंदूर तेलात कालवून फासतात, अगदी तसं. हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. जगाच्या त्या टोकाला, ओल्या दगडावर तो तांबडा रंग मला लख्ख दिसला. आणि गंमत अशी की जेमतेम दीड महिन्यापूर्वी कॅप्टन व्हॅनकूव्हरच्या होड्या समुद्राकडून त्याच खाडीत येऊन गेल्या होत्या. एक समुद्रातून, एक जमिनीवरून, आणि चुकामूक!

अशा जागी जेफ्रीज काय करतो, ते आता तुम्ही सांगू शकाल. थकलेली माणसं. भिजलेले कपडे. हातचं काम. पराक्रमाला त्यानं कधी इस्त्री केली नाही.

इथे मला एक नाव घ्यायलाच हवं, कारण तुलना टाळता येत नाही. अमेरिकेत त्याच काळात फ्रेडरिक रेमिंग्टन होता, तोही छापील नियतकालिकांचा चित्रकार, नावानं कितीतरी मोठा. ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकासाठी त्यानं १९०५–०६ च्या सुमारास थोर शोधयात्रींची मालिका रंगवली. आणि मग असमाधानानं त्यातली बरीच चित्रं स्वतःच जाळून टाकली! मोठा कलावंत, मोठा राग. जेफ्रीज असलं नाट्य करणारा नव्हता. त्यानं जपलं, क्रमवार लावलं, टिपा लिहिल्या. पुढे इम्पीरियल ऑइल कंपनीनं त्याची हजाराहून अधिक रेखाटनं घेतली आणि ती आता ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुखरूप आहेत. मला विचाराल तर मी कारकुनी काळजी घेणाऱ्याच्या बाजूची.

सगळंच गोड आहे का? नाही. लेकीच्या वर्गात हल्ली पहिलाच प्रश्न असतो: ‘शोध’ लागला तो कुणाला? ज्या नदीकाठी माणसं हजारो वर्षं राहत होती तिचा ‘शोध’ कसला? आणि हा प्रश्न घेऊन जेफ्रीजची चित्रं पुन्हा पाहिली की टोचतं. उभा माणूस बहुधा गोरा. आजूबाजूचे लोक पाहतायत, बोट दाखवतायत, वल्ही मारतायत. मटोनाबीशिवाय हर्न कुठे पोहोचला असता? पण चित्राच्या नावात हर्न. ओटावातल्या त्या पुतळ्याच्या पायाशी गुडघा टेकून बसलेला अनिशिनाबे वाटाड्या होता, तो १९९९ साली तिथून हलवून स्वतःच्या जागी बसवला. चित्रांतून मात्र कुणाला उठवता येत नाही.

याचं उत्तर त्याच्या धंद्यातच असावं. बातमीदार ज्याची जबानी मिळेल त्याच्या बाजूनं पाहतो. शांप्लेंनं लिहिलं, लेस्कार्बोनं लिहिलं, हर्ननं लिहिलं. तेसुआनं कागदावर लिहिलं नाही. जेफ्रीज त्या कागदांच्या काठावर उभा राहिला, पलीकडच्या काठावर गेला नाही. मात्र स्नोशूची वीण, कनूचे सांधे, झाडाच्या मुळांनी शिवलेली भूर्जाची साल आणि त्यावरचा राळेचा लेप, हे त्यानं ज्या इमानानं काढलंय त्यात ती दुसरी बाजू गुपचूप येऊन बसलीय. कुणाच्या कौशल्यावर हा भूखंड ओलांडला गेला, ते त्याच्या मथळ्यांपेक्षा त्याच्या वस्तू जास्त प्रामाणिकपणे सांगतात. मी भांडत भांडत प्रेमात आहे, असं समजा.

आणि आता सगळ्यात कहर गोष्ट, जी मी मुद्दाम राखून ठेवली होती!

पोर्ट रॉयलची ती वसाहत, थाळ मिरवणारी, १६१३ साली व्हर्जिनियाहून आलेल्या इंग्रजांनी जाळली. काही उरलं नाही. शांप्लेंनं काढलेलं एक रेखाटन तेवढं होतं, चौकाभोवती इमारती, धुराडी, छपरं. तीनशे वर्षांनंतर केंद्र सरकारनं ठरवलं, ती पुन्हा बांधायची. उत्खननानं पाया शोधला, आणि इमारत कशी दिसत असेल हे सांगायला कुणाला बोलावलं? आमच्या पेपरवाल्याला! छप्पर किती उतरतं, तुळया कशा, दारं कशी, यावर तो कितीतरी वर्षं विचार करून बसला होता. १९३९ ला काम सुरू झालं, सुतारांनी जुन्या पद्धतीनं खाचा-खुंट्यांचे सांधे घातले, आणि १९४१ च्या जुलैत पोर्ट रॉयल पुन्हा उभं राहिलं. सरकारनं देशात केलेली अशी ही पहिली मोठी पुनर्बांधणी. ज्या माणसानं आयुष्यभर कागदावर घरं उभी केली, त्याला बहात्तराव्या वर्षी आपल्या रेघांच्या आत शिरून चालता आलं असेल. कल्पना करा!

मी कल्पना करत बसणार नाही, मी चाललेय. ती जागा उन्हाळ्यातच उघडी असते. टोरांटोहून गाडीनं दोन दिवस, मग सेंट जॉनहून डिग्बीची फेरी, म्हणजे बे ऑफ फंडी ओलांडायची, तीच खाडी जिथून शांप्लें १६०४ साली आत आला होता. गुड चिअरच्या चित्राची मोठी प्रत घेऊन त्या भोजनघरात उभं राहायचं, आणि चूल कुठे, दार कुठे, थाळ घेऊन वळायला जागा पुरते का, ते एकेक पडताळायचं. नवरा म्हणतो तिथले लोक हाकलून देतील. बघू. प्रत लॅमिनेट करून आणलीय, तिकडे पाऊस फार असतो म्हणे.